तिसरा कुपे

छप्पर नखाने उचकलं की सुटतं,
आधी एका बाजूने, मग टिच्,
आणि डबा उघडा पडतो, वीतभर लांब.
दहा कुपे, रिकामे.
माणसं अजून बसवायची आहेत;
त्यांना पाय नसतात,
कंबरेपासून चिकटवायची.

त्सिट्टाउत बाहेर बर्फ. तळघरात मी,
चष्म्यावर भिंग, सोल्डरच्या धुरात एक डोळा मिटून.
एकास एकशे वीस.
बत्तीस वर्षं हेच काम मी एकास एक केलं,
शिडीवर चढून, पकड दातांत धरून,
त्या शेडमध्ये, जिथे जानेवारीत
लोखंड हाताची साल काढायचं.
आता तीच तार केसाहून बारीक झाली
आणि हात मात्र
एकास एकच राहिले.

चाकांना टेकणाऱ्या पितळी पट्ट्या
जास्त दाबल्या तर डबा ओढवत नाही,
सैल सोडल्या तर दिवा लागत नाही.
हे मी नात्यांबद्दल बोलत नाहीये.
पट्ट्यांबद्दलच बोलतेय.

शेजारचा यानेक येतो. सतराचा आहे.
खसखशीचा केक खातो, बोटं पँटला पुसतो
आणि डिकोडरला आकडे शिकवतो.
डब्याला पत्ता द्यावा लागतो, म्हणतो,
नाहीतर एकाला हाक मारली की सगळे ओ देतात.
मी म्हणते, एकशे सत्त्याऐंशी.
का, ते तो विचारत नाही.
प्रकाश किती? दोनशे पंचावन्नपैकी?
चाळीस. त्या काळी
याहून जास्त आम्ही कुणालाच दिला नाही.
रंग? पांढरा नको. दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा.
आणि वीज तुटली तर?
त्याला आहे कपॅसिटर, वाटाण्याएवढा;
चार सेकंद सांभाळून घेतो.

मग यादी खाली सरकवत तो हसतो:
हे बघा, यात खराब ट्यूबसुद्धा आहे.
लुकलुकणारी.
म्हणजे कुठेतरी कुणीतरी बसून
बिघाड नीट, शांतपणे,
मिलिसेकंदांत मोजून लिहिला.

बोहुमिल. लिबेरेत्सकडून येणाऱ्या रात्रगाडीचा कंडक्टर.
तिरकं अक्षर, हिरवी शाई.
डबा १८७, कुपे तीन, ट्यूब लुकलुकते.
अकरा हिवाळे.
मी ट्यूब बदलली. स्टार्टर बदलला. चोक, होल्डर,
छतातली वायर पार टोकापासून टोकापर्यंत.
एकदा तर रात्रभर त्या कुपेत बसून राहिले,
कोट पांघरून, वर बघत.
पापणीही लवली नाही तिची.
सकाळी गाडी सुटली,
सरहद्दीपर्यंतही धीर निघाला नाही.
परत रजिस्टर. परत हिरवी शाई.

आणि शेवटच्या हिवाळ्यात, त्याच नोंदीखाली,
दोन शब्द:
बदलू नका.

विचारीन म्हटलं.
मग वेळापत्रक बदललं, त्याचा मार्ग बदलला,
देशही बदलला मधल्यामध्ये,
आणि डबा एका सोमवारी भंगारात गेला
दिव्यांसकट.

कुपे तीनला कुठला आकडा?
यानेक बोट रोखून थांबलाय.
मी सांगते.

गाडी टेबलावरून निघते,
कापसाच्या डोंगराला वळसा घालते,
नऊ खिडक्या स्थिर, तिसरी
दचकते. थांबते. पुन्हा दचकते.
फार नियमित आहे, मी म्हणते,
ती असं ठरवून करत नव्हती.
त्यालाही आकडा आहे, म्हणतो तो. टाकतो.
आता बरं. आता जवळजवळ तीच.

तो वीज बंद करतो. अंधारात
डबा चार सेकंद तेवत राहतो,
तिसरा कुपे त्यातही आपलंच चालवतो.

मग हे दुरुस्त कधी करायचं?
विचारतो, केकचा शेवटचा तुकडा उचलत.

मी छप्पर बसवते.
आधी एक बाजू.
टिच्.